मागाच्या भिंतीची ओल

सोलापूर कोरडं, असं सगळेच म्हणतात. मीही नाही म्हणत नाही. चैत्रात इथं ओलं धुणं वाळत घालून वळावं तर पहिलं फडकं वाळलेलं असतं. पण माझ्या संसाराची पहिली नऊ वर्षं ज्या गोष्टीशी भांडण्यात गेली ती ओल होती. आमच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीची ओल. त्या भिंतीनं माझी कंबर घेतली, नखं घेतली आणि बोलण्यातला गोडवाही घेतला, असं आमचे मालक म्हणायचे. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे बायका नवऱ्याला मालकच म्हणायच्या. आणि गोडव्याचं म्हणाल तर तो आधी तरी कुठं पाहिला होता त्यांनी, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

एकोणीसशे तीस साल उजाडायला एक-दोन वर्षं होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही जातीचे विणकर. शहराच्या पूर्व अंगाला विणकरांची वस्ती, तिच्यातल्या एका अरुंद बोळात आमचं घर. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे तुळयांवर थापलेलं मातीचं सपाट छत. मागच्या खोलीत चूल आणि न्हाणी, पुढच्या खोलीत सासऱ्यांचा माग. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. मालक गिरणीत जात. घरात दिवसभर सासरे आणि मी, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ती भिंत.

घरात आम्ही तेलुगू बोलायचो. भांडण मात्र मराठीत व्हायचं. हे असं का, ते मला आजही सांगता येणार नाही. मालक म्हणायचे की शेजाऱ्यांना समजावं म्हणून. माझ्या आणि सासऱ्यांच्या तोंडून इतकं मराठी गेलं की आमच्या बोळातले लोक आम्हाला मराठीच समजायला हवे होते.

माग होता खड्ड्याचा. जमिनीत कमरेएवढा खड्डा, विणणारा त्याच्या काठावर बसणार, पाय खाली सोडून पावड्या दाबणार. उत्तरेच्या भिंतीत खिडकी होती, तिचा उजेड दिवसभर एकसारखा, म्हणून माग त्या भिंतीला लागून. सासरे तिथं लुगडी विणत. सुताचं एक आहे, त्याला कोरडी हवा सोसत नाही. हवा तापली की ताण्याचा धागा ताठरतो आणि फणीचा ठोका बसला की तटकन तुटतो. हवेला थोडी ओल असली तर तेच सूत शहाण्यासारखं चालतं. म्हणून तर माग जमिनीत घालतात. खाली गारवा असतो.

सासऱ्यांना तेवढा गारवा पुरत नव्हता. त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं भिंतीच्या बाहेरून, जोत्याला चिकटून, एक चर खणला होता. न्हाणीचं सगळं पाणी त्या चरात जायचं. भिंत ते पाणी प्यायची, जमीन प्यायची, आणि आत मागाचा खड्डा बारा महिने ओलसर राहायचा. जगभर लोक घराच्या भिंतीपासून पाणी लांब घालवतात. आम्ही ते मुद्दाम बोलावून आणून पाजत होतो. आमच्या बोळात आणखी दोन-तीन घरांत असे चर होते, त्यामुळे हे वेड आहे असं कुणालाच वाटत नसे. मी लग्न होऊन आले ती करमाळ्याकडून. तिथं आमचं घर उंच जोत्यावर, भिंती खडखडीत. इथं पहिल्याच रात्री भिंतीला टेकले आणि पाठ ओली झाली.

कोरड्या दिवसांत हे एक वेळ चालून जायचं. पावसाळ्यात मात्र माळवदाचा पन्हाळ त्याच भिंतीवर, बोळाचा उतार त्याच भिंतीकडे, आणि खाली तोंड उघडून बसलेला चर. सगळं पाणी आमच्याच पायाशी. आतून भिंतीला लोणा चढायचा, पांढरा, मिठासारखा. गिलाव्याचे पोपडे सुटायचे आणि नेमके पिठाच्या डब्यात पडायचे. मी सूत भरून ठेवलेल्या कांड्यांना बुरशी यायची. सासऱ्यांचे गुडघे सुजायचे. सकाळी खड्ड्यात उतरताना ते भिंतीला हात लावून उतरत, आणि हाताला माती लागायची.

"मामा, ही भित एक दिस अंगावर यील," मी म्हणायची.

"भित अंगावर न्हाय येत. सूत अंगावर येतंय. कोरडं सूत इनून बग एकदा."

तीन वर्षं हेच चाललं. चौथ्या वर्षी मी चूल पेटवली नाही. एक दिवसभर. संध्याकाळी मालकांनी मध्ये बसून करार करून दिला. मृग लागला की चर बुजवायचा, दिवाळीला उघडायचा. पावसाळ्याचे चार-पाच महिने भिंत माझी, उरलेले सासऱ्यांची. सासऱ्यांनी मान्य केलं. एकदा शब्द दिला की ते त्यातून हलणारे नव्हते, हा त्यांचा मोठा गुण आणि तेवढाच मोठा त्रास.

करार मी जिंकला खरा, पण त्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं. ज्याला हवं त्यानं करावं, असा आमच्या घरचा न्याय. दर ज्येष्ठात चरातला काळा गाळ उपसायचा. त्याचा वास हाताला चार दिवस. मग गावाबाहेरून मुरूम आणायचा, घालायचा, धुम्मसानं ठोकायचा. वर पांढरी माती, तुसात कालवलेली, पायानं तुडवून तुडवून एकजीव केलेली. ती थापून बोळाकडे उतार द्यायचा. पन्हाळाखाली सपाट दगड ठेवायचा, म्हणजे धार पडून माती उखडत नाही. आणि दिवाळीच्या तोंडावर, फराळाचं करायचं की घर सारवायचं हे सुचत नसताना, तेच सगळं पुन्हा उकरून टाकायचं. स्वतः बुजवलेलं स्वतःच उकरायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. असली हमाली मी पाच वर्षं केली. माझ्या बरोबरीच्या बायका तुळशी लावत होत्या, गोधड्या शिवत होत्या. मी चर बुजवत होते.

मालकांचं वेगळंच चाललेलं. त्यांना मागच नको होता. घरात येणारं सगळं गिरणीतून येतं, मग अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्या ओल्या खड्ड्यात बसून गुडघे कुजवायचे कशाला, असं त्यांचं म्हणणं. भिंतीला काही झालं की ते हाच विषय काढत. "खड्डा बुजवू. फरशी घालू. खोली मोकळी हुईल."

"तुमच्या गिरनीत मागाच्या खात्यात वाफ सोडत्यात का न्हाय?" सासरे विचारत.

"सोडत्यात की."

"कशापायी?"

"सूत तुटू ने म्हून."

"मग गिरनीवाले वाफ सोडत्यात ते शाने, आन् मी पानी सोडलं तर येडा?"

मालक डबा उचलून गिरणीला निघायचे. मला सासऱ्यांचं पटायचं, पण मी ते कबूल करत नसे.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे त्या वर्षी मृग थोडा पडला, आर्द्रा थोडी पडली आणि मग आभाळ कुठं गेलं ते कळेना. श्रावण आला तो वैशाखाच्या अंगानंच आला. वारा सुटला, कोरडा, धुळीचा. मी चर नेहमीसारखा बुजवलेला होता, चांगला ठोकून, त्या वर्षी तर माझा मलाच अभिमान वाटला होता. आणि मागावरचं सूत तुटायला लागलं.

दिवसाला दहा-वीस धागे तुटले तर कुणी बघत नाही. इथं दहा ठोके झाले की एक तुटायचा. सासऱ्यांची नजर तेव्हा अधू झाली होती. जाड काही दिसायचं, बारीक दिसत नसे. तुटलेलं टोक ते बोटानं चाचपून शोधत, दुसरं टोक शोधत, वळ देऊन जोडत, तोवर शेजारचा तुटायचा. मग मी चुलीवरून उठून जायची. जोडून द्यायची. परत यायची तर भाकरी करपलेली. सासरे एका शब्दानं चर उघड म्हणाले नाहीत. खरं तर मी वाटच बघत होते की त्यांनी म्हणावं. म्हणजे मला नाही म्हणता आलं असतं. पण ते करार धरून बसले होते. घामानं भिजलेला माणूस, बोटांची टोकं सोलवटलेली, आणि तोंड बंद. मला त्यांचा इतका राग आला की रडू यायचं.

एका सकाळी ते देवळात गेले असताना मी खुरपं घेतलं आणि खिडकीखालचा दोन हात चर उकरला. पांढऱ्या मातीचा थर काढला, मुरूम काढला. न्हाणीतलं पाणी घागरीत धरून तिथं नेऊन ओतलं. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांचं बरोबर ठरलं असतं, आणि ते मला परवडण्यासारखं नव्हतं. वर एक पोतं टाकून दिलं.

चार-पाच दिवसांत सूत ऐकायला लागलं. दुपारी मागाचा ठोका एका लयीत चालायचा आणि मला चुलीपुढं बसल्या बसल्या डुलकी लागायची. त्या दिवसांत मी खरोखर सुखी होते, असं आता वाटतं.

मग हस्त नक्षत्र आलं. सोलापूरचा पाऊस पडला तर तेव्हाच पडतो, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत. मला माहीत नव्हतं असं नाही. दोन दिवस उत्तरेला ढग जमत होते. मी ते बघत होते. उकरलेला तो दोन हात तुकडा बुजवायचा, म्हणजे मुरूम ठोकायचा, माती कालवायची, तुडवायची. अर्ध्या दिवसाचं काम. पहिल्या दिवशी म्हटलं उद्या करू. दुसऱ्या दिवशी कंबर इतकी भरून आली होती की वाकवेना. पुन्हा म्हटलं, उद्या करू. मी दमले होते, एवढंच त्याचं कारण. दुसरं काही कारण शोधून सापडलं तर बरं, म्हणून मी पुष्कळ वर्षं शोधलं.

त्याच दुपारी पाऊस आला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबला नाही. पन्हाळाची धार त्या उकरलेल्या तुकड्यातच पडत होती. बोळातलं पाणी वळून तिथंच येत होतं. मी पोतं दाबलं, दगड टाकले, हातानं चिखल थापला. पाण्यानं तो माझ्या डोळ्यांदेखत नेला. आत खड्ड्यात पाणी भरलं, पावड्या तरंगायला लागल्या. सासऱ्यांनी ताणा गुंडाळून वर तुळईला बांधला आणि खड्ड्यात उतरून पाणी उपसायला लागले. ते बादली भरून वर देत, मी दारातून बोळात ओतायची. ते पाणी फिरून त्याच भिंतीकडे जात होतं, हे आम्हाला दोघांनाही दिसत होतं.

पाऊस थांबल्यावर बघितलं तर भिंतीला पोट सुटलं होतं. खिडकीखाली, आतल्या बाजूला, वीतभर.

मालकांनी गवंड्याला आणलं. त्यानं ओळंबा सोडला, मान हलवली, बाहेर जाऊन जोत्याशी बसला. "बाई, भितीच्या पोटात पानी हाय. आपन हून उतरवा, न्हायतर ती आपली आपन यील." मग बोटानं खाली दाखवून म्हणाला, "बाकी चर लई झ्याक बुजवलाय की. हितंच कुनी उकरला?"

मालकांनी सासऱ्यांकडे बघितलं. मी सासऱ्यांकडे बघितलं नाही.

"म्या," सासरे म्हणाले.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं नाही. नऊ वर्षं ज्या तोंडानं बोळ जागा ठेवला ते नेमक्या वेळी मिटलं.

मालक चिडले नाहीत, तेच वाईट झालं. शांतपणे म्हणाले, "बास झालं अप्पा. भित उतरवू, चुन्यात पक्की बांधू. आन् खड्डा बुजवायचा."

"बुजवा," सासरे म्हणाले.

त्यांना मी इतक्या लवकर काही मान्य करताना कधी पाहिलं नव्हतं. रात्री भाकरी वाढताना मी हळूच विचारलं, तुम्ही का म्हणालात असं? ते म्हणाले, "चर माजाच हाय की." आणि भाकरी मोडायला लागले.

माग सुटा करून कोपऱ्यात उभा केला. माळवदाला टेकू दिले. भिंत उतरवली, तिचे दगड इतके ओले की दोन दिवस उन्हात ठेवले तरी खालून काळे. नवी भिंत मांडीपर्यंत घडीव दगडात, चुन्यात. बाहेर मुरमाचा चांगला उतार, त्यावर शहाबादी फरशी. पन्हाळ लांब करून पाणी बोळाच्या मधोमध पडेल असा केला. न्हाणीचं पाणी वेगळ्या मोरीनं लांब काढलं. मी नऊ वर्षं जे जे मागत होते ते सगळं पंधरा दिवसांत समोर उभं राहिलं. हात लावला की कोरडं. मी खूश व्हायला पाहिजे होतं.

शेवटच्या दिवशी गाढवांवरून मुरूम आला, खड्डा बुजवायचा. दोन गाढवांच्या गोणी खड्ड्याच्या काठाशी रिकाम्या केल्या. मी पाणी द्यायला बाहेर आले तर सासरे कट्ट्यावर बसून मागाची फणी पुसत होते. एकेक दात तेलाच्या बोटानं. पुसून झाल्यावर जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळली, दोऱ्यानं बांधली. मग आडवा धागा नेणारा धोटा घेतला. तोही पुसला. आता हे पुसून काय करणार आहात, असं मी एरवी म्हणाले असते.

मी आत आले. मालक फावडं घेऊन उभे होते.

"खड्डा बुजवायचा न्हाय," मी म्हटलं.

"का?"

"चर त्यांनी न्हाय उकरला. मी उकरला."

मालकांनी फावडं खाली टेकलं. "तू?"

"व्हय. सूत तुटत हुतं. त्येंना दिसंना. मला बघवंना. पाऊस आला तवा बुजवायचा हुता, मी कटाळा केला. भित मी पाडली, त्येंनी न्हाय. बुजवायचं तर मला बुजवा."

गवंडी तोंड फिरवून हसला. मालक हसले नाहीत. पण मुरूम त्यांनी स्वतः पाट्या भरभरून बाहेर नेला आणि बोळात, भिंतीसमोर, उताराला पसरला. तो खरं तर पहिल्यापासून तिथंच हवा होता.

माग पुन्हा बसला. थंडीचे महिने बरे गेले. मग फाल्गुन आला आणि नव्या भिंतीनं आपला गुण दाखवला. तिच्यातून ओलीचा एक थेंब आत येत नव्हता. खड्डा भाजलेल्या मडक्यासारखा कोरडा. सूत पुन्हा तटातट तुटायला लागलं. सासरे मालकांपुढं ठोका मुद्दाम जोरात मारत, म्हणजे सगळं ठीक चाललंय असं वाटावं.

खिडकीखालची एक फरशी मी खुरप्यानं सोडवली. एवढ्या मेहनतीनं बसवलेली, सांधे चुन्यानं भरलेली. दोन दिवस लागले. दुपारी सासरे जेवून आडवे झाले की आडावर जायचं, एक जादा घागर भरायची, कमरेवर घेऊन बोळातून यायचं, फरशी उचलायची, पाणी हळूहळू ओतायचं, फरशी परत लावायची. उन्हाळ्यात आडाला पाणी किती खोल असतं ते ज्यानं ओढलंय त्यालाच ठाऊक. ज्या भिंतीसाठी मी एक दिवस चूल बंद ठेवली तिच्याच पायात मी रोज घागर घालत होते. मालकांना सांगितलं नाही. सासऱ्यांनाही नाही. मला वाटायचं, कुणाला कळत नाही.

पंधरा-वीस दिवस गेले. एका संध्याकाळी मी कांड्यांची टोपली मागाशेजारी ठेवायला गेले. सासरे खड्ड्याच्या काठावर बसले होते, पाय खाली, हात फणीवर. माझ्याकडे न बघता बोलले. तेलुगूत बोलले, म्हणजे भांडण नव्हतं.

"उद्यापासून अर्धीच घागर आण. चार धागे तुटले तर मी जोडीन."

त्यांना आता जोडता येत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी बरं म्हटलं आणि टोपली ठेवून आत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आडवे झाल्यावर मी आडावर गेले आणि घागर काठोकाठ भरली.